मदत हवी आहे: पावसाळ्यात फ्रिजशिवाय बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) कसं टिकवायचं?

मंडळी, घर वेंगुर्ल्याजवळ. पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो, आणि वांद्र्याच्या जावईबापूंना नाश्त्याला बेकन लागतं (श्रावण वगैरे ते पाळत नाहीत!). दुकानातल्या पाकिटात मीठ बेताचंच, ते ४ अंशांच्या आतच ठेवायला हवं. बाहेर ठेवायची माझी हिंमत नाही. पण गोव्याची चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) मीठ, व्हिनेगर आणि धुरावर टिकते. तसा डुकराच्या मांसाचा चरबीसकट अख्खा पट्टा भरपूर मिठात मुरवून, सुकवून कुणी चुलीवर टांगलाय का? किलोला मीठ किती? धूर किती दिवस? इथे बरणीतलं खडेमीठसुद्धा पाझरतं, मग मांस सुकणार कसं? की दिवाळीनंतरच हा उद्योग करावा? करून बघितलेल्यांनीच सांगा, प्लीज.