उन्हवऱ्याच्या कुंडाने कोर्स सोपा केला

एकांनी लिहिलंय की खगोलजीवशास्त्राचा, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीच्या अभ्यासाचा, प्राथमिक कोर्स म्हणजे नुसते अंदाज. परग्रहावर एकही जीव सापडलेला नाही, मग शिकायचं काय? मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. आपल्या आकाशगंगेत संपर्क साधू शकणाऱ्या संस्कृती किती असतील याचा अंदाज बांधणारं ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाचं १९६१चं समीकरण बघून मलाही धडकी भरली होती.

मग उष्ण पाण्यातल्या जीवाणूंचा भाग आला. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतला थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू साधारण ७० अंश सेल्सियसला सुखाने वाढतो, आणि त्याचंच विकर (एन्झाइम) पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या तंत्रासाठी, वापरलं गेलं! सुट्टीत घरी आले तेव्हा दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर मुद्दाम गेले. लहानपणी आजीबरोबर तिथे अंघोळीला जायचो, पण पाटाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. कढत पाण्याच्या तोंडाशी दगड जवळजवळ उघडा. चार पावलं पुढे, पाणी निवत गेलं तसा बोटाला बुळबुळीत लागणारा हिरवा थर दाट होत गेलेला. गंधकाचा वास तर होताच.

जीव कुठवर तग धरतो, ती सीमा डोळ्यांसमोर होती. परग्रहावर शोधायचं ते काय, हे मला तिथे कळलं. म्हणून म्हणते, कोर्स अर्ध्यात सोडू नका. व्हायकिंग यानांनी १९७६ला मंगळावर जीव शोधायला केलेल्या प्रयोगांचा भाग तर अजिबात चुकवू नका, त्यावर आमचा वर्ग दोन तास भांडला होता.