४० मीटर, ५ वॉट: फिल्टरचे कपॅसिटर चटके देतायत, कुठले घेऊ आणि कुठून?

कराडचा_नवखा

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं (हौशी वायरलेसचं) लायसन येऊन वर्ष झालं, तयार सेट घ्यायला घरून मंजुरी नाही आणि खरं सांगायचं तर मलाच घ्यायचा नाहीये, म्हणून ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडचा सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा, ट्रान्समीटर स्वतः बनवायला घेतलाय. क्रिस्टल ऑसिलेटर, बफर, ड्रायव्हर, शेवटी आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टर, सप्लाय १३.८ व्होल्ट. त्यापुढे नेहमीचा लो पास फिल्टर (वरच्या नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा), म्हणजे कडेला २७० पीएफ (पिकोफॅरड) दोन, मधे ६८० पीएफ दोन आणि टी३७-६ रिंगांवर २१, २४, २१ वेढे.

प्रॉब्लेम असा की ५ वॉट यायला पाहिजेत तिथे डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) जेमतेम ३ येतात आणि मोर्सची की दाबून अर्धा मिनिट धरली की पॉवर हळूहळू अजून खाली सरकते. आधी वाटलं ट्रान्झिस्टर मरतोय, पण हीटसिंक नुसती कोमट. मग की सोडून सहज बोट फिरवलं तर मधले दोन ६८० पीएफ, चटकाच बसला.

कपॅसिटर ऑनलाइन मिळणाऱ्या ‘सगळ्या व्हॅल्यू एका पाकिटात’ मधले आहेत, छोट्या ब्राऊन डिस्क, वर ६८१के लिहिलंय. मीटरवर ६६० ते ६९० दाखवतात, म्हणजे व्हॅल्यू तर बरोबर आहे ना? मग तापतात का? आणि दुसरे घ्यायचे तर कुठले? इथला टीव्ही रिपेअरवाला म्हणतो, पीएफमधलं आता काही ठेवत नाही, फॅनचा कंडेन्सर देऊ का.

---

तांब्याची_तार

फॅनचा कंडेन्सर 😂 घेऊन ठेव, उन्हाळ्यात लागेल.

व्हॅल्यू बरोबर आहे रे, जात चुकली आहे. डिस्क सिरॅमिक म्हणजे एकच वस्तू नसते, आतला मसाला वेगवेगळा असतो. एक एनपीओ, त्यालाच सी०जी म्हणतात, आणि दुसरी सगळी एक्स७आर, वाय५पी, वाय५व्ही, झेड५यू मंडळी. दुसऱ्या गटात थोड्या जागेत जास्त पीएफ मावतात म्हणून स्वस्त आणि छोटे, पण लॉस जास्त.

तुझ्याच फिल्टरचा हिशोब करू. ७.०३ मेगाहर्ट्झला ६८० पीएफची रिॲक्टन्स (एसी करंटला होणारा अडथळा) साधारण ३३ ओहम. ५ वॉट ५० ओहममध्ये म्हणजे १५.८ व्होल्ट आरएमएस, मधल्या कपॅसिटरवर तेवढेच धरले तरी त्यातून पाऊण नाही पण अर्ध्या अँपिअरच्या जवळ, ०.४७ करंट जातो. एक्स७आर किंवा वाय५पी टाइपला डिसिपेशन फॅक्टर (लॉसचं प्रमाण) अडीच टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे ३३ ओहमच्या मागे ०.८ ओहमचा रेझिस्टर लपलाय असं समज. ०.४७ चा वर्ग गुणिले ०.८, जवळजवळ ०.१८ वॉट. नखाएवढ्या डिस्कमध्ये ०.१८ वॉट, चटका बसणारच! एनपीओला हाच फॅक्टर ०.१ टक्का किंवा कमी, म्हणजे ७ मिलिवॉट, बोटाला कळणार पण नाही.

आणि पॉवर सरकते त्याचं कारण पण तेच, डिस्क तापली की तिची व्हॅल्यू बदलते, फिल्टर जागेवरून हलतो. तुझा मीटर गार कपॅसिटर, बारीकशा व्होल्टेजवर मोजतो, त्याला लॉस दिसत नाही.

घरच्या घरी टेस्ट कर. कपॅसिटर मीटरला लावून ठेव आणि सोल्डरिंग आयर्न एक सेंटिमीटरवर धर, चिकटवू नको. एनपीओ असेल तर आकडा ढिम्म हलणार नाही, ३० पीपीएम (दहा लाखात ३०) पर डिग्री म्हणजे ५० डिग्री तापला तरी ६८० मधे एखाद पीएफचा फरक. दुसरा असेल तर आकडा पळायला लागतो.

---

कराडचा_नवखा

केली. ६८४ वरून सुरू झालं, आयर्न धरल्यावर अर्ध्या मिनिटात ६११ आणि खाली चाललंच होतं, मी घाबरून काढलं. २७० वाला पण पळतो. पाकिटातला २२ पीएफ मात्र हलला नाही.

---

तांब्याची_तार

बरोबर, छोट्या व्हॅल्यू बहुतेक एनपीओच असतात, त्यात दुसरा मसाला घालून फायदा नाही. पेठेतली मंडळी कुठेत? खरेदीचं त्यांना विचार, मी सगळं बाहेरून मागवतो.

---

बुधवार_पेठी

आलो. पुण्याला येणार असशील तर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत फिर, मुंबईला लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. पण नुसतं ‘६८० पीएफ द्या’ म्हणालास तर तुझ्याकडे आहे तेच परत पुडीत बांधून मिळेल. ‘एनपीओ, मल्टीलेअर, १०० व्होल्ट’ असं सगळं एका दमात म्हणायचं. काउंटरवरच्या पोराला एनपीओ कळलं नाही तर मागच्या म्हाताऱ्या मालकाला विचार, ते बरोबर खालच्या ड्रॉवरमधून काढतात. आणि तिथे १० नॅनोफॅरड म्हणू नको, १० केपीएफ म्हण, ०.१ मायक्रोफॅरडला पॉइंट वन म्हण, काम पटकन होतं.

खुणा सांगतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर डोक्याला काळा रंगाचा पट्टा असेल तर एनपीओ, जांभळा असेल तर एन७५०, तो तापला की ठरवून खाली जातो. कोडच्या शेवटी जे म्हणजे ५ टक्के, के म्हणजे १०, एम म्हणजे २०, झेड दिसला तर फिल्टरसाठी बघूच नको. जे दिसला म्हणजे एनपीओच असं मात्र नाही हां, खूण आहे, पुरावा नाही. आयर्नवाली टेस्ट सगळ्यात खरी, मी दुकानात लायटर आणि छोटा मीटर घेऊन जायचो, एकदा दुकानदाराने लायटर बघून बाहेर काढलं होतं ते सोडा.

अजून एक, ६८० पीएफची डिस्क जर चण्याच्या डाळीएवढी असेल तर ती एनपीओ नसतेच. डिस्कमधे एनपीओ मोठ्या व्हॅल्यूत मिळायची मारामार, म्हणून २२० चे तीन पॅरलल लाव, ६६० होतात, फिल्टरला काही फरक पडत नाही आणि करंट तिघांत वाटला जातो. २७० च्या जागी २२० आणि ४७.

आणि कोड नीट वाच. ६८१ म्हणजे ६८० पीएफ, पण ६८० छापलेलं असेल तर ते ६८ पीएफ. मी एकदा ‘२७०’ बघून खुशीत चार घेतले, घरी येऊन फिल्टर बांधला, दोन दिवस डोकं खाजवलं, सगळे २७ पीएफ. हे होऊ नये म्हणून आता दुकानाच्या काउंटरवरच मोजतो.

---

जुना_गँग

सगळं वाचलं. तुम्ही मुलं एनपीओ एनपीओ करता, आमच्या वेळी आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) म्हटलं की सिल्व्हर मायका, म्हणजे अभ्रकाचे कपॅसिटर, दुसरा विचार नाही. माझ्याकडे १९७० च्या दशकातल्या सेटमधून काढलेले मायका अजून एक पीएफ हललेले नाहीत. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात तर भंगार झालेल्या कम्युनिकेशन सेटचे बोर्ड मिळतात, त्यात मायका, स्टायरोफ्लेक्स (प्लास्टिकचे कपॅसिटर), एअर गँग (फिरवून बदलायचा कपॅसिटर) सगळं असतं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स हा घरी बांधायचा सेट काढला तेव्हा कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळल्या होत्या, का तर तो वॉशर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. होमब्रू (घरी बनवणं) म्हणजे असं असतं. परदेशातून कुरियरने मागवणं म्हणजे होमब्रू नव्हे.

---

तांब्याची_तार

काका नमस्कार. मायका चांगला याबद्दल वाद नाहीच. पण आज नवीन मायका एकाच्या किमतीत एनपीओ मूठभर येतात, आणि ऑनलाइन सिल्व्हर मायका म्हणून मी जे मागवले होते ते फोडून बघितले तर आत साधी सिरॅमिक, वर नुसता चॉकलेटी रंग. जुन्या बोर्डावरचे खरे असतात ते मान्य, पण कराडहून दर बुधवारी पुण्याला कोण येणार?

नवख्या, सोपा मार्ग सांगतो. सरफेस माउंट १२०६ साइझचे सी०जी घे, १०० किंवा २०० व्होल्टचे. मोठ्या डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर मटेरियलच्या फिल्टरमध्ये सी०जी टिक करता येतं, आत काय मसाला आहे ते डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. शिपिंग मालापेक्षा महाग पडतं, म्हणून चार-पाच जणांनी मिळून ऑर्डर टाकायची. १२०६ हाताने सोल्डर होतो, तांदळाच्या दाण्याएवढा असतो, कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेल्या बोर्डवर) थेट बसव, पाय नाहीत म्हणजे पायांचं इंडक्टन्सपण नाही.

व्होल्टेज का १०० म्हणतोय, तर ५ वॉटला पीक २२ व्होल्टच असतात पण अँटेनाची वायर कधी सुटली तर दुप्पट होतात, त्यात एसडब्ल्यूआरची (अँटेना न जुळल्याने परत येणाऱ्या पॉवरची) मस्ती वेगळी. ५० व्होल्टचा लगेच उडेल असं नाही, पण कशाला.

---

कराडचा_नवखा

काका, दादा, दोघांचे आभार. मग बाकीच्या सर्किटमधले पण सगळे बदलू का? बायपासला (आरएफ ग्राउंडला नेणारे) सगळीकडे त्याच पाकिटातले १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, आहेत, पंधरा-वीस तरी. आणि ट्रान्झिस्टरच्या ड्रेनवरून फिल्टरला जाणारा कपलिंगचा पण १०४.

---

तांब्याची_तार

अजिबात नको. कपलिंगचा १०४ बघ, ७ मेगाहर्ट्झला त्याची रिॲक्टन्स ०.२३ ओहम. त्याच्या अडीच टक्के म्हणजे काहीच नाही, सहा मिलिओहम. करंट तेवढाच पण लॉस नाही. एक्स७आर तिथे राजा आहे. तापतोय का बोट लावून बघ, नसेल तर सोड. फक्त जिथे कपॅसिटरची व्हॅल्यू काम करते, म्हणजे फिल्टर, टाकी (कॉइल-कपॅसिटरची जोडी), ऑसिलेटर, तिथे जात बघायची, जिथे तो नुसता रस्ता आहे तिथे पॉइंट वन कुठलाही. तुझ्या अख्ख्या ट्रान्समीटरमध्ये असे खर्चिक जागेचे दहा पण नसतील.

बायपासला जातीपेक्षा पाय बघ. ब्रेडबोर्डवर लावल्यासारखे एक-एक सेंटिमीटरचे पाय ठेवलेस तर दोन्ही मिळून अंदाजे २० नॅनोहेन्री. १०० नॅनोफॅरडबरोबर त्याचा रेझोनन्स साडेतीन मेगाहर्ट्झला येतो, म्हणजे तुझ्या ४० मीटरला तो कपॅसिटर राहिलाच नाही, कॉइल झाला. पाय छाटून बुडाला टेकव.

---

गोदाकाठचा_आवाज

मधेच घुसतो, कारण माझं दुखणं हेच पण व्हीएफओमधे (फ्रिक्वेन्सी फिरवता येणाऱ्या ऑसिलेटरमधे). ७ मेगाहर्ट्झचा एलसी व्हीएफओ, पहाटे लावला की तासाभरात दोन किलोहर्ट्झ पळतो. समोरचा स्टेशन माझ्या मागे डायल फिरवत येतो बिचारा. एनपीओ टाकले तर थांबेल?

---

जुना_गँग

कमी होईल, थांबणार नाही. फ्रिक्वेन्सी कपॅसिटीच्या वर्गमुळाच्या उलट जाते, म्हणून ३० पीपीएम सरकला तर फ्रिक्वेन्सी १५ पीपीएम, ७ मेगाहर्ट्झला डिग्रीमागे १०५ हर्ट्झ. दहा डिग्री चढली तर एक किलोहर्ट्झ. आणि हे एनपीओच्या वाईट टोकाचं झालं, प्रत्यक्षात बरा निघतो. तुमची कॉइल कशावर आहे ते सांगा. लाल टोरॉइड (कॉइलची रिंग), म्हणजे मिक्स २, तापला की इंडक्टन्स ९५ पीपीएमने वाढतो, पिवळा मिक्स ६ फक्त ३५ ने. स्टायरोफ्लेक्स उलट दिशेने जातो, साधारण उणे १५०. म्हणून टाकीत काही एनपीओ, काही स्टायरोफ्लेक्स असं मिसळून एकमेकांना मारायचं. एक बदला, डबा बंद करा, तासभर बघा, लिहून ठेवा, परत. पण स्टायरोफ्लेक्सला आयर्न लांबून, पाय पक्कडीत धरून सोल्डर करा, प्लास्टिक आहे ते, ८५ डिग्रीच्या पुढे मेणासारखं बसतं. आणि डबा! निम्मं ड्रिफ्ट वाऱ्याचं असतं.

---

गोदाकाठचा_आवाज

लाल आहे काका. आणि डबा नाहीये 🙈

---

जुना_गँग

मग कपॅसिटरला कशाला शिव्या देता. आधी बिस्किटाचा पत्र्याचा डबा शोधा.

---

कराडचा_नवखा

तीन आठवड्यांनी रिपोर्ट. पुण्यात मावशीकडे कार्यक्रम होता, त्या निमित्ताने पेठेत गेलो, मल्टीलेअर एनपीओ २२० आणि ४७ पीएफ मिळाले, काउंटरवर मोजले (लायटर नेला नव्हता), घरी आयर्न धरून बघितलं, २२० चा आकडा एका पीएफने पण हलला नाही. ६८० च्या जागी तीन-तीन लावले. पॉवर ३ वरून ४ वर आली आणि अर्धा मिनिट की दाबली तरी तिथेच. कपॅसिटर गार.

उरलेल्या एकातला अर्धा वॉट कॉइलमध्ये निघाला, मी वेढे चिकटून गुंडाळले होते, रिंगभर पसरवले तसे साडेचार. शेवटचा अर्धा कुठे गेला माहीत नाही, शोधत बसणार नाही आता.

पहिला क्यूएसओ (संपर्क) काल रात्री, बंगळुरूच्या एका ओएमबरोबर (हॅम मित्राबरोबर), सिग्नल रिपोर्ट ५५९ मिळाला. त्यांनी रिग विचारली, मी होमब्रू म्हणून पाठवलं तर पुढे दोन मिनिटं कुठला ट्रान्झिस्टर, कुठला फिल्टर हेच विचारत होते आणि माझा हात इतका थरथरत होता की एनपीओ तीनदा चुकीचं पाठवलं.

---

बुधवार_पेठी

भारी! आता ते जुनं पाकीट फेकू नको, १०३ आणि १०४ बायपासला वर्षभर पुरतील.

---

गोदाकाठचा_आवाज

अभिनंदन. माझा बिस्किटाचा डबा मिळाला, बिस्किटं संपायची वाट बघतोय. ७३ (शुभेच्छा).