तोंडावर-पाठीवर दुखऱ्या गाठी, मेडिकलच्या ट्यूबनं आणखी वाढल्या. डॉक्टरकडे आत्ता जाऊ की भरतीनंतर?

धावपट्टी_०७

वय २१, गाव कराडजवळ, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. तीन वर्षं झाली. साधे पिंपल्स असते तर विचारलंही नसतं. जबड्याच्या कडेला आणि पाठीवर कातडीच्या आत गाठ धरते, हरभऱ्याएवढी. तिला तोंड येत नाही, नुसती आठ-आठ दिवस ठणकते. पाठीवरची फुटली की बनियन चिकटतं, अंघोळीला भिजवून सोडवावं लागतं. गोळाफेकीला गोळा मानेला टेकवायचा तर नेमकी तिथंच एक आहे.

घरचे म्हणतात उष्णता आहे, सब्जा पी, लग्न झालं की जातील. गेल्या वर्षी मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा तुळतुळीत, वर रंगही उजळला. पोरं विचारायला लागली काय लावतोस म्हणून. पण दोन दिवस लावली नाही की आग, लालभडक तोंड, बारीक पुरळ. मग परत लावायची. असे आठ महिने गेले. आता उन्हात १६०० मीटर पळताना तोंडावर मिरची चोळल्यासारखं होतं.

डॉक्टरकडे आत्ता जाऊ की भरती झाल्यावर? आणि मित्र म्हणतो तिथं कॅप्सूल देतात, तिनं लिव्हर जातं. खरंय का?

काउंटरवरून

मी मेडिकलमध्येच कामाला आहे, म्हणून आधी एवढंच सांग. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही आहे का?

धावपट्टी_०७

मोमेटासोन. शिवाय हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन.

काउंटरवरून

वाटलंच. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. सूज दाबतं म्हणून चेहरा साफ दिसतो, हायड्रोक्विनोननं रंग उजळतो. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात आणि स्टिरॉइडनंच नवे फोड येतात. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. आमच्या धंद्यात ती ‘गोरं व्हायची क्रीम’ म्हणून खपते, याची मला लाज वाटते. सोडल्यावर काही आठवडे तोंड भडकेल. तेव्हा घाबरून परत लावू नकोस, आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कर. जाताना ट्यूब खिशात ठेव, लपवू नकोस.

तूपभाकरी

तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते.

भरतीनंतर नाही, या आठवड्यात जा. गाठ खोल असली की जाताना खड्डा ठेवून जाते, आणि खड्ड्यांचं काम गाठींपेक्षा किचकट. माझ्या उजव्या गालावर चार आहेत. मी दोन वर्षं मुलतानी माती थापत बसले, त्याची ही वसुली.

पार्लरवाल्या ‘स्किन क्लिनिक’मध्ये शिरू नकोस. पाटीवर त्वचारोगात एम.डी. किंवा डी.व्ही.डी. लिहिलंय का ते बघ. पैशांची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात स्किनची ओपीडी असते. मी कोल्हापूरला सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात दाखवायचे. सकाळी केसपेपरची रांग, मग बाकावर दोन तास, पण तपासणी नीट झाली. नायटा, गजकर्ण, कोड, सगळ्यांच्या रांगेत मीही. वर्षभर ओढणीनं तोंड झाकून फिरले होते, तिथं कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता कॅप्सूल. आयसोट्रेटिनॉइन. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिण्याआधी आईला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, “लग्न ठरलंय का?” मला वाटलं, झालं, इथंही तेच! पण त्यांना दुसरंच विचारायचं होतं. औषध चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून औषधभर आणि संपल्यावर महिनाभर गरोदर राहायचं नाही. तुझा तो प्रश्न नाही, पण तुझ्यासाठीही एक नियम आहे: तेवढ्याच काळात रक्तदान करायचं नाही. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. मंडळाच्या शिबिरात पोरं ओढून नेतील, सरळ नाही म्हण.

माझं वजन ५० किलो. किलोमागे एकूण १२० मिलीग्रॅम धरून ६००० झाले. रोज २० ची एक, म्हणजे ३०० दिवस. तुझा हिशोब वेगळा निघेल, तो डॉक्टरच काढतील. मित्राची एखादी पट्टी उसनी घेऊन सुरू करू नकोस. पोटात स्निग्ध असलं की ती नीट अंगी लागते, म्हणून मी रात्री भाकरीवर तूप घालून मग घ्यायचे. माझं हे नाव तिथूनच आलं.

पहिल्या महिन्यात जास्तच उठलं, मी रडून बंद करणार होते. ओठ भेगाळले, पहाटे दोनदा घोळणा फुटला. व्हॅसलीनची डबी दहा महिने पर्समध्ये. लिव्हर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी सुरू करायच्या आधी झाली, मधेही झाली. आकडे वाढले तर डोस कमी करतात किंवा थांबवतात, तपासण्या त्यासाठीच तर असतात. दारूला हात लावू नकोस. मन फार उदास राहिलं तर तेही सांग. आणि तू भरतीसाठी मैदानावर सराव करतोस हे न विसरता सांग, या औषधात जोराच्या व्यायामानं अंग आणि सांधे दुखू शकतात. प्रोटीन पावडर घेतोस का?

धावपट्टी_०७

व्हे घेतो, रोज दोन स्कूप.

तूपभाकरी

तेही सांग. काहींचे पिंपल्स त्यानं वाढतात.

धावपट्टी_०७ (तीन आठवड्यांनी)

ताई, जाऊन आलो. ट्यूब टेबलावर ठेवली, डॉक्टर काही बोलले नाहीत, कपाटातून तसल्याच सहा-सात काढून दाखवल्या. ट्यूब बंद. पहिले दहा दिवस तोंड टोमॅटो झालं होतं, आता उतरतंय. चेहऱ्याला फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. रोज डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. तिनं ऊन जास्त लागतं, म्हणून पळायला पहाटे पाचला जातो. रक्त दिलंय, रिपोर्ट बघून कॅप्सूलचं ठरवतील. तेव्हा डॉक्सी थांबवायची, दोन्ही एकत्र घेतल्या तर डोक्यातला दाब वाढू शकतो म्हणाले. व्हे बंद.

पाठीला बेन्झॉइल परॉक्साइडचं जेल आहे. त्यानं कपड्याचा रंग उडतो हे सांगितलं होतं, मी विसरलो. बाबांचा नवा निळा टॉवेल मधोमध पांढरा झालाय. आई मोरीत ब्लीचिंग पावडर शोधतेय.