बाबांना स्ट्रोक, टार्गेट काय ठेवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा ६३, कराडला टेलरिंगचं दुकान, ४० वर्षं ब्लाऊज शिवतायत. ११ आठवड्यांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी त्यामुळे डावी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे, जरा जास्तच आहे म्हणा. पाय बराच आलाय, चार पायांची काठी घेऊन पलंगापासून बाथरूमपर्यंत जातात, मागे कुणीतरी लागतं. हात मात्र खांद्यातून थोडा उचलतो पण मूठ सारखी आवळलेली, मी उघडली की उघडते परत मिटते.

तर झालंय असं की बाबांनी स्वतःच ठरवून टाकलंय, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, तोवर मशीनवर बसायचंच. गिऱ्हाइकांना फोनवर सांगूनही झालं! आणि फिजिओ म्हणतात या महिन्यात दोनच गोष्टी, हात न टेकता खुर्चीतून ५ वेळा उठायचं आणि डाव्या हाताने डबा टेबलावर नुसता दाबून धरायचा, झाकण उजव्याने. बाबा म्हणाले मी काय बालवाडीत आहे का, आणि ३ दिवस व्यायामच बंद.

त्यात डावीकडे त्यांचं लक्षच जात नाही. आई रोज ताटात डावीकडे चटणी-कोशिंबीर वाढते ती तशीच राहते, आईला वाटलं तोंडाची चव गेली. परवा मी ताट फिरवून ठेवलं तर कोशिंबीर संपली आणि भाजी राहिली! तेव्हा माझी ट्यूब पेटली. अशा माणसाच्या हातात कातर द्यायची कशी?

डॉक्टर म्हणाले पहिले ३ महिने सुधारणा सगळ्यात भराभर होते, नंतर वेग कमी होतो पण थांबत नाही. आईने त्यातलं पहिलं वाक्यच ऐकलं, कॅलेंडर बघत बसते. काका येऊन "दोन महिन्यात पळशील रे" म्हणून जातात ते वेगळंच.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, मशीनचं नाही जमणार असं तोंडावर सांगायचं का? छोटं ध्येय त्यांना पटेल असं कसं ठरवलंत? तेल-मालिश आणि झाडपाला प्लीज नको.

प्रतिसाद १
ताई, नाही म्हणू नका, "आत्ता नाही" म्हणा. आमच्या आईला भाकरीच करायची होती. फिजिओंनी विचारलं भाकरी करताना डावा हात काय काय करतो? तर आधी परात धरतो. मग ३ आठवडे तेवढंच, आई परात धरणार पीठ मी मळणार. दीड वर्ष झालं, भाकरी अजून थापता येत नाही पण चपाती लाटते, नकाशासारखी का होईना. बाबांनाच विचारा शिवताना डावा हात काय करतो, आणि त्यातलं सगळ्यात सोपं उचला.

प्रतिसाद २
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणं हे माझं काम. पेशंट बघितल्याशिवाय जास्त बोलत नाही पण ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा, नजर तिथपर्यंत नेऊनच प्रत्येक घास. कातर, इस्त्री, मशीन तूर्त लांब. उठवताना डावा हात ओढू नका, खांदा निसटतो. ध्येय दोन आठवड्यांचं ठेवा आणि मोजता येईल असं. आणि व्यायाम सोडणं नुसता हट्टच असतो असं नाही, स्ट्रोकनंतर डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं, झोप-जेवण कमी झालं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. लाल फीत दुकानातलीच चिकटवली. झोप कमी आहे हो, सोमवारी डॉक्टरांना सांगते. आणि आज एक केलं, मूठ आवळलेली असतेच तर टेपचं टोक त्या मुठीतच दिलं, म्हटलं माझं माप घ्या. दोनदा सुटलं, टेपला एक सणसणीत शिवी बसली, तिसऱ्यांदा धरून ठेवलं. म्हणाले, "लिही, बाही साडेपाच."