सातवी झालेल्या बाईला स्किल ट्रेनिंगला घेत नाहीत का? आधी दहावी की आधी काम?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी, मावसबहिणीसाठी विचारतोय, जरा लांबलचक आहे पण वाचा. ताई ३४ वर्षांची, दोन पोरं, दाजी कोरोनात गेले. शिक्षण सातवी, कारण गावात शाळाच सातवीपर्यंत होती आणि पुढं तालुक्याला पोरीला कोण पाठवणार. संजय गांधी निराधारचे महिन्याला १५०० मिळतात, बाकी खुरपणी, कापूस वेचणी. लाडकी बहीणमध्ये बसत नाही कारण निराधार चालू आहे. बचत गटात आहे आणि गटाची वही तीच लिहिते, कोणी किती भरले, व्याज किती, सगळं चोख, बँकेचे साहेबपण वही बघून खूश असतात.

तर उमेदवाल्या (बचत गटांचं सरकारी अभियान) ताई गावात सांगून गेल्या की तीन महिन्यांचं ट्रेनिंग असतं, राहणं खाणं फुकट, नंतर नोकरी लावून देतात. ही पोरांना आईकडं ठेवायची सगळी तयारी करून सेंटरला गेली. तिथल्या पोरानं फॉर्म हातात घेतला, शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणला दहावीची मार्कशीट? नाही? मग नाही होणार. झालं, विषय संपला. आता मला सांगा गरिबाच्या हाताला काम द्यायची योजना आणि दारातच दहावी मागणार तर दहावी झालेली बाई खुरपायला कशाला गेली असती? असा नियम खरंच आहे का सेंटरवाल्यानं कटवलं? आणि नियम असेल तर दहावी बाहेरून करता येते का, का ती होईपर्यंत दुसरं काही आहे. घरचे म्हणतात या वयात कसली दहावी, सोड.

रोहयोवाला

भाऊ मी ग्रामरोजगार सेवक आहे, रोज हेच बघतो. सरसकट दहावीचा नियम नाही. ते ट्रेनिंग दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतलं असणार. त्यात वय १५ ते ३५, बायकांना ४५ पर्यंत सूट, म्हणजे वयात ताई आरामात बसतात. गरीब घर असल्याचा पुरावा लागतो, त्याला बचत गटातलं घर असलं तरी चालतं. शिक्षणाची अट मात्र योजनेची नसते, कोर्सची असते. नर्सिंग असिस्टंटसारख्या कोर्सला बहुतेक ठिकाणी दहावी मागतात, शिवणकामाच्या मशीन ऑपरेटरला कमी शिक्षण चालतं. आता त्या सेंटरला मंजूरच दहावीवाले कोर्स असतील तर तो पोरगा खोटं बोलला नाही, पण बाजूच्या जिल्ह्यात दुसरा कोर्स चालू आहे हे काही तो सांगणार नाही, त्याला त्याची बॅच भरायची असते. तालुक्याच्या उमेदच्या ऑफिसात जाऊन विचारा, सातवीवर कुठला कोर्स कुठं चालू आहे म्हणून, आणि सोबत गटाच्या सीआरपी ताईला (गावात गटांचं काम बघणारी) न्या, एकट्या बाईला उद्या या म्हणतात.

दुसरं म्हणजे जन शिक्षण संस्थान. हे लोकांना माहीतच नसतं. ते मुळातच निरक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठी आहे, १५ ते ४५ वयाचे, बायकांना प्राधान्य. तिथं दहावीचं कोणी विचारत नाही. सगळ्या जिल्ह्यांत नाही, तुमच्याकडं आहे का ते बघा. शिवण, ब्युटी पार्लर, खाद्यपदार्थ असले कोर्स असतात आणि गावात जवळपासच वर्ग घेतात, पोरं सोडून राहायला जावं लागत नाही. फक्त नोकरीची हमी धरून जाऊ नका.

जिल्ह्याला आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, अग्रणी बँक चालवते, फुकट निवासी ट्रेनिंग, पण ते स्वतःच्या धंद्यासाठी. शेळीपालन, शिवणकाम असं काही करायचं असेल आणि गटातून कर्ज उचलायची हिंमत असेल तर बेस्ट.

निवृत्त_गुरुजी

वरच्या भाऊंनी व्यवस्थित सांगितलं आहे. जन शिक्षण संस्थानबद्दल एक भर घालतो, त्याचं मूळ आपल्या मुंबईतच आहे. १९६७ साली गिरणी-कारखान्यातल्या कामगारांसाठी श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, त्याचंच पुढे २००० साली जन शिक्षण संस्थान झालं. म्हणजे कामाला लागलेल्या माणसाला काम न सोडता शिकवायचं ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे, आता मात्र आधी सर्टिफिकेट दाखवा.

दहावीचं सांगतो. दोन रस्ते आहेत.

आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म. पाचवी पास आणि वय १४ पूर्ण एवढंच लागतं, म्हणजे सातवीवर थेट दहावी देता येते. मधली आठवी नववी कोणी विचारत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, आणि जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. पावसाळ्यात तारखा सुटतात, त्यावर डोळा ठेवा, नंतर लेट फी लागते. अडचण एकच, गणित, विज्ञान, इंग्रजी सगळं नेहमीच्या मुलांसारखंच असतं. वीस वर्षांनी बीजगणित बघून माणूस घाबरतो, मी बघितलेलं आहे.

म्हणून बायकांना मी बहुतेक वेळा दुसरा रस्ता सांगतो, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. पाच विषय आपण निवडायचे, त्यात किमान एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही! मराठी माध्यम आहे, मराठी, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र असं घेता येतं. एका दमात सगळे विषय द्यायचे नाहीत, पाच वर्षांत नऊ संधी असतात, एप्रिल-मेमध्ये दोन विषय द्या, ऑक्टोबरमध्ये एक द्या, पास झालेला विषय जमा राहतो. पास व्हायला ३३ टक्के. तुमच्या बहिणीसारख्या बाईला हे जमतं, कारण वेचणीच्या दिवसांत तिला पुस्तक हातात धरायला वेळ मिळणार नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. पुढं आयटीआयला जायचा विचार असेल तर मात्र गणित विज्ञान घेतलेलं बरं, काही ट्रेडला मागतात.

आणि एक, उल्लास साक्षरता कार्यक्रमाची १५० गुणांची परीक्षा असते, गावात कोणी ती द्या म्हणेल. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे साक्षर असल्याचं, दहावी-आठवीचं नाही. तुमच्या बहिणीला त्याची गरज नाही, ती तर तिथं शिकवायला बसू शकते.

"एका महिन्यात घरबसल्या दहावी पास" असा बोर्ड दिसला तर तिकडे फिरकू नका. भलत्याच नावाच्या बोर्डाची मार्कशीट देतात आणि ती कुठेच चालत नाही.

स्पष्टवक्ता_७७

सगळे गोड गोड बोलताय. मी सांगतो, आधी दहावी आणि मग बारावी, बाकी शिवणकामाचे कोर्स करून गावात पंधरा बायका मशीन घेऊन बसल्यात, ब्लाउज शिवायला गिऱ्हाईक कुठंय? अंगणवाडी मदतनिसाला आधी सातवी चालायची, आता सेविका काय मदतनीस काय दोघींना बारावी. गावातल्या गावात बाईला मानाचं काम म्हणजे तेच आणि ते सातवीवाल्यांच्या हातून गेलं. विधवा बाईला वयात ४० पर्यंत सूट आहे त्यात. आता ३४ आहे, दोन वर्षांत दहावी, मग बारावी, हिशोब करा, अडतिशीत जेमतेम बसतंय, दोन-तीन वर्षं जरी वाया घालवली तरी गाडी सुटली.

रोहयोवाला

स्पष्टवक्ते, गणित बरोबर आहे पण तोपर्यंत चूल कशी पेटणार ते पण सांगा ना. आणि अंगणवाडीची एक जागा निघते, अर्ज किती येतात ते मी बघितलंय, त्यात पदवीवाल्या पण असतात. त्या एका जागेवर चार वर्षं लावू नका.

सॅनहोजेची_वहिनी

मी कॅलिफोर्नियात असते, इथल्या अडल्ट स्कूलमध्ये फावल्या वेळात मोठ्या माणसांना गणित शिकवते म्हणून लिहावंसं वाटलं. तुमच्या इथे जो वाद चाललाय ना आधी शिक्षण की आधी काम, तो या राज्यात सरकारी पातळीवर होऊन गेलाय. १९८५ ला इथे गेन नावाचा कार्यक्रम आला, सरकारी मदतीवर असलेल्या आयांना कामाला लावायचा. त्यात नियम असा होता की हायस्कूल डिप्लोमा नाही, किंवा गणित-वाचनाच्या चाचणीत मार्क कमी, किंवा इंग्रजी येत नाही, तर तुम्हाला पायाभूत शिक्षणाची गरज आहे असं धरायचं. गंमत बघा, तिकडे दहावी नाही म्हणून दारातून परत पाठवतात आणि इथे डिप्लोमा नाही म्हणून आत घेऊन वर्गात बसवत होते!

मग सहा काउंटींत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तपासणी झाली. रिव्हरसाइड काउंटीवाल्यांचा जोर असा की मिळेल ते काम धरा, शिक्षण बघू नंतर, आणि पहिल्या काही वर्षांत तिथल्या बायकांची कमाई बाकी काउंटींपेक्षा जास्त वाढली. झालं, सगळ्या देशात तोच गजर सुरू झाला, १९९६ चा नवा कायदा आला त्यातही कामावरच भर. पण पुढे नऊ वर्षांचे आकडे काढले तेव्हा रिव्हरसाइडची आघाडी टिकली नव्हती, शिक्षणावर भर देणाऱ्यांनी बऱ्यापैकी गाठलं होतं. मला यातून एवढंच दिसतं की शिकायचा फायदा उशिरा येतो आणि गरिबाला उशीर परवडत नाही, म्हणून दोन्ही बरोबर चालवायचं. माझ्या वर्गातल्या बायका रात्रपाळी करून सकाळी येतात, अपूर्णांक सोडवता सोडवता डुलक्या काढतात, पण येतात. तुमच्या ताईला गटाची वही लिहिता येते म्हणजे व्याजाचं गणित येतंच की, तिला गणिताची भीती घालू नका प्लीज.

गोदाकाठचा

सगळ्यांचे लई आभार. ताईला वाचून दाखवलं, गृहविज्ञान हा विषय असतो म्हणल्यावर हसायलाच लागली, म्हणे ते तर रोज देते परीक्षा. मुक्त विद्यालयाचं तिला पटलंय.

दोन गोष्टी अडल्यात अजून. ट्रेनिंग करून आठ-दहा हजाराची नोकरी लागली तर निराधार बंद होईल का? ती सगळ्यात जास्त त्याला घाबरते, म्हणे नोकरी चार महिन्यांत सुटली तर तेल गेलं तूपही गेलं. आणि दाखल्यावर नाव माहेरचं आहे, आधार सासरच्या नावानं.

रोहयोवाला

निराधारचं खरं सांगतो. अट आहे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, नाहीतर वर्षाला २१,००० च्या आत उत्पन्न. २१,००० म्हणजे महिन्याला १७५० झाले, कुठलीही धड नोकरी लागली की ती ओलांडतेच. ही मर्यादा वाढवायला पाहिजे असं माझं मत, पण माझ्या मताला कोण विचारतंय. ताईंना अनुदान कशावर मिळालंय ते आधी बघा, यादीवर का उत्पन्नाच्या दाखल्यावर. नुसत्या ट्रेनिंगनं उत्पन्न वाढत नाही, ते बिनधास्त करू द्या. नोकरी लागल्यावर तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत जाऊन नीट विचारा, लपवू नका, नंतर वसुली निघाली तर डोक्याला ताप. नोकरी सुटली तर परत अर्ज करता येतो, वेळ मात्र जातो, म्हणून हातात थोडे पैसे ठेवूनच पाऊल टाका, गटातली बचत मोडू नका.

निवृत्त_गुरुजी

नावाचं घाबरू नका, निम्म्या बायकांचं असंच असतं. लग्नाची नोंदणी झाली आहे का ते ग्रामपंचायतीत बघा, विवाह नोंदणीचा दाखला असला की दोन्ही नावांचा दुवा जुळतो. नसेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा लागेल, सेतूत माहिती मिळते. आणि दहावीला कुठलं नाव लावायचं ते अर्ज भरण्याआधीच पक्कं करा, मार्कशीट छापून आल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे फार हेलपाटे. शाळेचा दाखला हरवला नाही ना? हरवला असेल तर त्याच जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यावरून दुय्यम प्रत मिळते, मुख्याध्यापकांना प्रवेशाचं अंदाजे साल सांगा म्हणजे ते पान लवकर सापडेल.