होंडुरासने तैवानला सोडलं, तर तुमच्या पोटात का दुखतं?

तळ्यात_मळ्यात

परवा इथल्याच एका लेखात वाचलं की "होंडुराससारखे चिल्लर देश जो जास्त पैसे फेकेल त्याच्या मांडीवर बसतात. २०२३ मध्ये तैवानला टांग मारली, आता चीनला मारतील." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथं दोन ओळींचं उत्तर लिहायला बसलो आणि एवढं झालं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

चिल्लर कुणाला म्हणताय? चीन आणि तैवान, दोघांपैकी एकालाच मान्यता देता येते. तैवान सोडून चीनला मान्यता देणं हे पाप असेल, तर ते पाप अमेरिकेने १ जानेवारी १९७९ ला केलं. मध्य अमेरिकेत या शतकातला पहिला नंबर कोस्टारिकाचा, २००७ मध्ये. तेव्हा अध्यक्ष होते ऑस्कर आरियास, शांततेचं नोबेल मिळालेले. बदल्यात चीनने ३० कोटी डॉलरचे रोखे घेतले आणि सान होसेत स्टेडियम बांधून दिलं. त्यांना कुणी चिल्लर म्हटलं नाही. मग पनामा २०१७, एल साल्वादोर २०१८, निकाराग्वा २०२१. निकाराग्वाने तर तैवानच्या दूतावासाची इमारतही काढून घेऊन चीनला दिली. त्या भागात तैवानकडे आता ग्वातेमाला आणि बेलीझ उरलेत. पण शिव्या खायला होंडुरास, कारण त्याचं नाव घेतलं की लोकांना केळी आठवतात.

घडलं काय? होंडुरासच्या तेव्हाच्या अध्यक्ष शिओमारा कास्त्रोबाईंनी १४ मार्च २०२३ ला चीनशी संबंध जोडणार असं ट्वीट केलं, २६ तारखेला परराष्ट्रमंत्री रेइना बीजिंगमध्ये सही करून मोकळे. तैवान म्हणतं, त्याआधी यांनी पत्र धाडून जवळजवळ अडीच अब्ज डॉलर मागितले, त्यात इस्पितळ, धरण, कर्जफेड सगळं आलं. रेइना म्हणतात, देणगी नव्हे, कर्जाची फेररचना मागितली. एकट्या तैवानचंच ६० कोटी डॉलर देणं होतं. कुणाचंही खरं धरा. ज्याच्या गाठीला संयुक्त राष्ट्रांतलं एक मत आणि एक मान्यता एवढाच माल आहे, त्याने तो फुकट वाटायचा का?

स्पष्टवक्ती

शब्द गोड वापरलेत. बारा दिवसांत नातं मोडलं, तेही १९४१ पासूनचं. याला घासाघीस म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात.

जानेवारी २०२२ मध्ये याच बाईंच्या शपथविधीला तैवानचे तेव्हाचे उपाध्यक्ष लाई स्वतः अर्धं जग ओलांडून होंडुरासच्या राजधानीला, तेगुसिगाल्पाला, गेले होते. पंगतीत मानाने बसवलं आणि सव्वा वर्षात पत्रावळ उचलून फेकली. माझा भाचा तैवानमध्ये सिंचूला चिपच्या कारखान्यात आहे. त्याच्या घरी गेले तेव्हा मी तो देश पाहिलाय. निवडणुका होतात, सरकारं बदलतात, रस्त्यावर मोर्चे निघतात. अशा देशाला सोडून तुम्ही कुणाकडे जाता, यालाही काही अर्थ असतो. सगळंच बाजारात मांडायचं तर मग बोलणंच खुंटलं.

तळ्यात_मळ्यात

बाई, तैवान म्हणजे काही वारकरी नव्हे. शेजारच्या ग्वातेमालाचे माजी अध्यक्ष पोर्तियो यांनी २०१४ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात कबूल केलं की तैवानची मान्यता टिकवण्यासाठी २५ लाख डॉलर लाच घेतली. देणारा कोण होता? बाजार तैवाननेही मांडलाच होता. चीनने पलीकडे मोठं दुकान टाकलं, इतकंच.

अण्णा_निवृत्त

मूळ चूक आपलीच. ३० डिसेंबर १९४९. नेहरूंनी घाईघाईने लाल चीनला मान्यता दिली. तेव्हा आपण धीर धरला असता तर आज

बोटीवरचा

अण्णा, होंडुरास. होंडुरास.

अण्णा_निवृत्त

तेच सांगतोय. सगळ्याचं मूळ तिथं आहे. पण इथं इतिहास नको असतो लोकांना.

बोटीवरचा

तुम्ही दोघं चीन-तैवान करत बसलात, म्हणून लिहितो. मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर होतो, होंडुरासच्या पुएर्तो कोर्तेस बंदराला चार वेळा लागलोय. गेटवर एक वॉचमन होता, आमच्या मोडक्या स्पॅनिशला न हसणारा. त्याची बहीण ह्यूस्टनला. घर तिच्या पैशावर बांधलेलं, पोराची फी तिच्या पैशावर. देशाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा असा बाहेरून येतो, मुख्यतः अमेरिकेतून. मिच वादळानंतर १९९९ मध्ये अमेरिकेत राहिलेल्या होंडुरासच्या लोकांना हद्दपारीपासून जे संरक्षण दिलं होतं, ते ट्रम्प सरकारने २०२५ मध्ये काढून घ्यायचं ठरवलं. त्या वॉचमनला विचारा, परराष्ट्र धोरण म्हणजे काय. तो बहिणीचा नंबर दाखवेल.

होंडुरासमधल्या पाल्मेरोलाच्या विमानतळावर अमेरिकन फौज १९८० च्या दशकापासून आहे. कास्त्रोबाईंनी २०२५ च्या पहिल्याच दिवशी भाषणात दम दिला, आमची माणसं हाकललीत तर तुमच्या तळांचा विचार करावा लागेल. काय झालं? तळ तिथंच. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदानाच्या तोंडावर ट्रम्पने आस्फुरा या उमेदवाराला पाठिंबा दिला, त्याच्याच पक्षाचे माजी अध्यक्ष एर्नांदेस अमली पदार्थांच्या खटल्यात ४५ वर्षांची शिक्षा भोगत होते त्यांना माफी जाहीर केली, आणि निसटत्या मतांनी आस्फुरा आला. २७ जानेवारी २०२६ ला शपथ. तो आधीच म्हणालाय, तैवानशी परत जोडणार. मान्यता इकडे द्या की तिकडे, घरमालक एकच आहे.

तळ्यात_मळ्यात

म्हणजे माझंच म्हणणं. घरमालक बदलता येत नाही, तर निदान किराणा कुठून भरायचा ते तरी त्याने ठरवावं.

खाजणवाला

किराण्याचा विषय निघालाय तर बोलतो. इतका वेळ गप्प होतो.

तुमच्या अख्ख्या धाग्यात कोळंबी हा शब्द नाही. होंडुरासच्या दक्षिणेला चोलुतेका आणि वाये, फोन्सेकाच्या आखाताला लागून सगळी कोळंबीची तळी. तिथला जवळपास चाळीस टक्के माल तैवान घेत होतं. २००८ पासून मुक्त व्यापार करार, जकात नाही, दरही बरा. संबंध तुटल्यावर तैवानने तो करार संपवायची घोषणा केली. सरकार म्हणालं, घाबरू नका, चीन केवढा मोठा, सगळा माल उचलेल. चीनबरोबर सवलतीचा पहिला करार लागू झाला १ सप्टेंबर २०२४ ला. मधलं दीड वर्ष कोळंबीने काय करायचं होतं, तळ्यात बसून भजन?

माझं सांगतो. रायगडात आमचे चार तलाव, वनामी जातीची कोळंबी करतो. सहा वर्षं एकाच एजंटला माल दिला. मग दुसरा एक आला, किलोला वीस रुपये जास्त देतो म्हणाला. तोंडी. मी जुन्याला सांगून टाकलं, या वेळी नाही. हार्वेस्टिंगच्या आदल्या रात्री नवा म्हणतो, काउंट बारीक आहे, म्हणजे किलोत नग जास्त बसतात, तीसचा दर नाही मिळणार, पन्नासचा घ्या. तलावातला माल थांबत नाही हो. एक दिवस थांबलं की खाद्य, वीज, आणि रोग आला तर सगळंच पांढरं. जुन्याला फोन लावला, उचलला नाही. त्या वर्षी बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या.

त्यामुळे खंडणी, लोकशाही वगैरे तुमचं चालू द्या. मला चोलुतेकाचा तळेवाला कळतो.

स्पष्टवक्ती

ऐकलंत? मी हेच सांगत होते.

खाजणवाला

नाही बाई, तुम्ही हे सांगत नव्हता. तुम्ही भाच्याचं सांगत होता. मी म्हणतोय, गिऱ्हाईक बदलायला माझी ना नाही. नव्याचा दर कागदावर येईपर्यंत जुन्याला तोडायचं नाही, एवढंच.

तळ्यात_मळ्यात

सहानुभूती आहे, पण कोळंबीचं सगळं खापर त्या सहीवर फोडू नका. २०२३ मध्ये दर जगभर कोसळले. आणि चीनच्या बाजारात इक्वादोर ठाण मांडून बसलाय, जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार, त्याच्या दरापुढे होंडुरास टिकत नाही. हा अर्थशास्त्राचा भाग झाला.

खाजणवाला

वा. इक्वादोर काय २७ मार्चला उगवला? तो आधीपासून तिथंच होता ना? मग सही करणाऱ्याला दिसला नाही? ज्या गल्लीत आधीच दहा मोठ्या टपऱ्या आहेत तिथं तुम्ही आपली हातगाडी नेता, आणि जिथं तुमचं एकट्याचं चालत होतं तो कोपरा सोडून देता. याला अर्थशास्त्र म्हणतात? तुम्ही कधी किलोभर माल तरी विकलाय का?

तळ्यात_मळ्यात

वैयक्तिक होऊ नका.

खाजणवाला

पाटल्या वैयक्तिकच होत्या.

खारफुटी

कोळंबीवाल्यांसाठी अश्रू ढाळण्याआधी एक मिनिट. फोन्सेकाच्या काठची खारफुटी कुणी कापली? याच तळ्यांसाठी कापली. तिथले छोटे मच्छीमार वर्षानुवर्षं आंदोलन करतायत, त्यांना आखातात जायची वाटही उरली नाही. तैवानने जकात माफ केली म्हणून तो धंदा आणखी फोफावला. त्यांच्या "मैत्री"ची किंमत किनाऱ्याने मोजली. आणि खाजणवाले, तुमच्या चार तलावांच्या जागी आधी काय होतं तेही सांगा.

खाजणवाला

भातखाचरं होती. खारं पाणी शिरून पडीक झालेली, आजोबांच्या नावावरची. सातबारा दाखवू? परवाना दाखवू? तुम्ही मुंबईत एसीत बसून खारफुटी वाचवा. वाशीला कोळंबी खाताना खारफुटीची आठवण येते का कधी?

खारफुटी

मी शाकाहारी आहे.

बोटीवरचा

😂 हा राउंड त्यांचा.

पुलाखालून_पाणी

चोलुतेका म्हणजे तेच ना, ते पुलाचं फॉरवर्ड? वादळ आलं, पूल टिकला, नदीने पात्र बदललं, कोरड्या जमिनीवर पूल एकटा उभा. लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज यायचं, "बदलाला सामोरे जा" असं गुलाबाच्या फुलासकट.

बोटीवरचा

तेच. पण त्या फॉरवर्डमध्ये जपान नसतो. पूल जपानी कंपनीने बांधला, नावच 'उगवत्या सूर्याचा पूल'. १९९८ च्या मिचमध्ये हजारो माणसं मेली, जोडरस्ते गेले, पूल राहिला. आणि २००३ मध्ये रस्ता परत जोडला, वाहनं जातात. ग्रुपवर गुलाबाबरोबर एवढंही टाका.

अण्णा_निवृत्त

जपान बघा. जपानने पूल बांधला, मान्यता मागितली नाही. आपण काय दिलं त्या लोकांना?

बोटीवरचा

अण्णा, आज पहिल्यांदा मुद्द्यावर आलात. दिलंय. तिथल्या जामास्त्रान खोऱ्यातल्या सिंचनासाठी आपल्या एक्झिम बँकेचं २ कोटी ६५ लाख डॉलरचं कर्ज. दान नव्हे, कर्ज. तेगुसिगाल्पात आपला दूतावास नाही, ग्वातेमालातून कारभार चालतो.

स्पष्टवक्ती

कोळंबीतून बाहेर या, मूळ प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. धागाकर्ते म्हणतात, मान्यता विकली तर बिघडलं काय. मी विचारते, विकून मिळालं काय?

होंडुरासचं पातुका-३ धरण बघा. चिनी बँकेचं कर्ज, चिनी सिनोहायड्रो कंपनीने बांधलं, आणि २०२१ च्या आत पुरंही झालं. तेव्हा होंडुरासचा राजदूत तैपेईत होता! चीन धंदा करायला मान्यतेसाठी अडून बसलाच नव्हता. म्हणजे जे मान्यतेशिवाय मिळत होतं त्यासाठी मान्यता दिली. कोस्टारिकाला निदान स्टेडियम मिळालं. एल साल्वादोरला सान साल्वादोरमध्ये झगमगीत राष्ट्रीय ग्रंथालय मिळालं. तुमच्या हुशार दुकानदाराने माल आधी दिला आणि पैशाचं नंतर बोलू म्हणाला. माझं नैतिक-बितिक सोडा हवं तर. तुमच्याच हिशोबाने सांगा, हा सौदा कसा?

तळ्यात_मळ्यात

पातुका-३ माझ्या ध्यानात नव्हतं. तो मुद्दा दिला.

सगळं दिलेलं नाही. विकण्याचा हक्क होता, हे माझं कायम. "चिल्लर" हा शब्द तर अजूनही डोक्यात जातोच. चुकलं ते सौद्यात, जातीत नव्हे. बाजारात फसलेल्या माणसाला आपण भिकारी म्हणत नाही. खाजणवाल्यांना म्हणू का?

खाजणवाला

म्हणून बघा.

स्पष्टवक्ती

चला, पाच तास लागले पण "सौदा चुकला" एवढं तरी टंकलंत. फ्रेम करून लावते.

तळ्यात_मळ्यात

लावा. शेजारी भाच्याचा फोटो लावा.

आता खरा प्रश्न आस्फुराचा. तैवानकडे परत जायचं तर किती मागायचं? चीनशी व्यापार कराराच्या वाटाघाटी अर्धवट, ते कसं घेतील? मला वाटतं आता किंमत वाढेल. दोघांनाही कळलंय की हा गडी खरंच उठून जातो. सौदेबाजीत तेही भांडवल असतं.

बोटीवरचा

किंमत वाढेल तर ती वॉशिंग्टनच्या खिशातून. तैवानला परत घेणं हे ट्रम्पच्या पाठिंब्याचं बिल आहे, त्यावर वेगळी दलाली मिळत नसते.

खाजणवाला

किंमत वाढते म्हणणाऱ्यांसाठी माझा पुढचा भाग सांगतो, मघाशी राहिला.

दोन वर्षांनी जुन्या एजंटकडे परत गेलो. मधे एक नातेवाईक घातला. घेतो तो माल, वाईट बोलला नाही, चहाही पाजला. पण दर पूर्वीपेक्षा दहा रुपये कमी, आणि पैसे पंचेचाळीस दिवसांनी. पूर्वी आठवड्यात द्यायचा. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, पुढच्या वेळी कुणी वीस रुपये जास्त म्हटलं तर?

पहाटे चारचं खाद्य टाकायचंय आणि तीन नंबरच्या तलावाचा एरेटर, पाण्यात हवा सोडणारं यंत्र, बंद पडलाय. खारफुटीताईंना उत्तर उद्या देतो, सातबाऱ्यासकट.