मदत हवी आहे: 'कॉटेजिंग'ला मराठीत काय म्हणावं?

कॅनडातल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी भाषांतर चालू आहे. एका लेखात 'वी आर कॉटेजिंग इन मुस्कोका दिस ऑगस्ट' असं वाक्य आहे (मुस्कोका म्हणजे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला तळ्यांचा भाग). शब्द तसाच ठेवला, तर लंडनच्या मुद्रितशोधकांनी त्यावर लाल फुली मारली. ब्रिटिश रंगभूमीवरच्या दुसऱ्या लेखातही हाच शब्द आहे. दोन्हीकडे काय करू?

प्रतिसाद १
फुली बरोबर आहे. ऑन्टारिओत कॉटेज म्हणजे तळ्याकाठचं सुट्टीचं घर. साधारण व्हिक्टोरिया डेच्या जोडसुट्टीला (२५ मेच्या आधीचा सोमवार) उघडतात, ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बंद करतात. बंद करताना नळांतलं पाणी पूर्ण काढून टाकतात, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात. तिथे जाऊन राहणं म्हणजे कॉटेजिंग.

ब्रिटनमध्ये बागांतली सार्वजनिक शौचालयं टुमदार घरकुलांसारखी दिसायची, म्हणून समलिंगी पुरुषांच्या बोलीत त्यांना 'कॉटेज' म्हणू लागले. तिथे जोडीदार शोधायला जाणं, तेही कॉटेजिंगच.

तुमचं वाक्य असं करा: 'ऑगस्टात आम्ही मुस्कोकाला कॉटेजवर राहायला जाणार.' 'कॉटेजमध्ये' नको. आपण शेतावर, फार्महाउसवर जातो, तसंच 'कॉटेजवर'. 'झोपडी', 'कुटीर' तर अजिबात नको, त्याने वेगळंच चित्र उभं राहतं.

प्रतिसाद २
रंगभूमीच्या लेखातला शब्द मात्र काढू नका. तो लेख ब्रिटिश नट जॉन गिलगुड यांच्या १९५३च्या अटकेबद्दल असेल, तर शब्दाशिवाय प्रसंगच कळणार नाही. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा: 'कॉटेजिंग, म्हणजे सार्वजनिक शौचालयात पुरुषाने पुरुष जोडीदार शोधणं'. पुढे नुसता शब्द पुरे. 'विकृत चाळे', 'अश्लील प्रकार' असलं काही घालू नका. मूळ शब्दात निंदा नाही, ती भाषांतरातून शिरते आणि वाचणाऱ्या कुणाला तरी खोल लागते.

एक संदर्भही जोडा. १९६७च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या पुरुषांचे आपसातले संबंध गुन्ह्यातून वगळले, पण फक्त खासगी जागेत. सार्वजनिक शौचालय त्यात मुद्दाम धरलं नव्हतं, त्यामुळे अटका पुढेही होत राहिल्या. हे न सांगितल्यास वाचक '६७नंतर सगळं सुटलं' असं समजतो.

प्रतिसाद १
आणि दोन्ही लेख एकाच फायलीत असतील तर 'शोधा-बदला' एकदम चालवू नका. गिलगुड मुस्कोकाला राहायला जातील.